दारसिनीचे जुने शब्द

दुकानाचं शटर वर गेलं की दारसिनी आधी शिवून तयार झालेले कपडे बाहेर काढायची. एकेक कपडा लोखंडी दांडीला लावायची आणि लावता लावता त्याच्या खांद्यावरून तळहात फिरवून त्याचं नाव घ्यायची. "मॅक्सी. कोट. अबाया. शर्ट. टी-शर्ट." हलक्या आवाजात, शाळेत बाई हजेरी घेतात तशी. रमजानच्या तोंडावर दांडी वाकेल इतके कपडे असायचे, तेव्हाही ती एक नाव गाळायची नाही. समोरच्या चहाच्या टपरीवरच्या मल्याळी माणसाला बरीच वर्षं वाटत होतं की ही बाई धंद्याला बरकत यावी म्हणून तस्बी ओढते, जप करते.

बासित मास्टरला खरं कारण ठाऊक होतं. ती सवय त्यानेच लावली होती.

बासित रत्नागिरी जिल्ह्यातला, दाभोळच्या खाडीकाठचा. सव्विसाव्या वर्षी बहारीनला आला तो एका शिवणाच्या दुकानात काजं करायला, आणि हळूहळू कटिंग मास्टर झाला. मुहर्रकच्या जुन्या बाजारामागे, गल्लीच्या वळणावर, दोन मशीन आणि एक कापायचं टेबल मावेल एवढं ते दुकान. लग्नाचं वय कापडं बेततानाच निघून गेलं. पस्तिशी उलटल्यावर एक दिवस बुसैतीनच्या कुठल्याशा मोठ्या घरातली मोलकरीण मालकिणीचा झगा घेऊन आली. ठेंगणी, रुंद कपाळाची, डोक्याला फिकट निळा रुमाल. झग्याची खालची दुमड बासितनेच घातलेली होती. तिने तो टेबलावर पसरला, नखाने दोन टाके उचलले, सगळी दुमड उसवली आणि रिकाम्या मशीनवर बसून त्याच्यासमोर पुन्हा घातली. बासितने शिवण उलटीपालटी करून पाहिली. त्याच्यापेक्षा सरळ होती.

ती दारसिनी. जावा बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या इंद्रमायूची, भातशेतीच्या गावातली. जकार्तात कपड्यांच्या कारखान्यात दोन वर्षं काढून मग इकडे आलेली. तिच्या कराराची मुदत संपली तेव्हा मालकिणीने स्वतः पुढे होऊन निकाह लावून दिला. गावाकडून बासितची बहीण महमुदा फोनवर म्हणाली, "जावा कय असता रे भावा? आमाला जावा म्हंजे दिराच्या बायका, तेवढ्याच ठाऊक." मग बराच वेळ हसली आणि हसता हसता रडायला लागली, की आता गावातली कोणी भावजय यायची नाही.

दारसिनी दुकानात बसायला लागली. हात तिचा सोन्यासारखा होता, पण जीभ दुकानाची नव्हती. कपड्यांची नावं ती आपल्या गावची घ्यायची. बायकांच्या पायघोळ झग्याला ती गामिस म्हणे. एकदा एक बहारीनी बाई आपली मॅक्सी न्यायला आली, तर दारसिनीने मोठ्या उत्साहाने सांगितलं की तुमचा गामिस तयार आहे. अरबीत कमीस म्हणजे पुरुषाचा सदरा. त्या बाईने डोळे मोठे केले आणि मैत्रिणीकडे वळून म्हणाली की माझ्या नवऱ्याचे कपडे इथे येतात हे मला आजच कळतंय. दोघी हसल्या. बासितही हसला. दारसिनीने तिघांकडे पाहिलं आणि तीही हसली, पण जरा उशिरा.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने तिला दांडीपुढे उभं केलं. धंद्यात शब्द पक्का पाहिजे, गिऱ्हाईक हसलं की दुसरीकडे जातं, असं समजावलं. मग एकेका कपड्यावर हात ठेवून नाव विचारायला लागला. ती तिच्या गावचा शब्द बोलली की तो रागवायचा नाही, ओरडायचा तर मुळीच नाही. मधल्या बोटात कायम अंगुस्तान असायचं, शिवताना सुई टोचू नये म्हणून शिंपी घालतात ते पत्र्याचं टोपण. त्या बोटाने टेबलाच्या कडेवर वाजवायचा. टक्. एवढंच. टक् झालं की दारसिनी थांबायची, मान थोडी खाली घालायची आणि योग्य शब्द शोधून आणायची. गामिस, टक्, मॅक्सी. रोक, टक्, स्कर्ट. काउस, टक्, टी-शर्ट. काउसला तर किती वेळा टक् झालं असेल त्याला गणती नाही. तो शब्द तिच्या तोंडून काही केल्या जाईना.

वर्षभरात तोही गेला. गिऱ्हाइकांशी अरबी, पाकिस्तानी शिंप्यांशी हिंदी, घरात दाभोळची बोली, तीही नवऱ्यापेक्षा ठसक्यात. दोघांना एक मुलगी झाली, अल्फिया. तिला दारसिनीने आपल्या भाषेतलं एक अंगाईगीतसुद्धा शिकवलं नाही. कोणी मना केलं नव्हतं. पण घरात जो शब्द कोणी उचलून घेत नाही तो बाईमाणूस किती दिवस हातात धरून ठेवील? आता अल्फिया बावीस वर्षांची होती, जुफैरमध्ये एका ऑफिसात नोकरीला. आईवडलांचं मराठी सगळं समजायचं, उत्तर इंग्रजीतून द्यायची.

रमजानच्या आधीचा, शाबानचा महिना होता. ईदच्या कपड्यांची गर्दी सुरू झालेली. सकाळी दांडीला कपडे लावताना दारसिनी "मॅक्सी" म्हणाली, "कोट" म्हणाली, आणि तिसऱ्या कपड्यावर हात ठेवून नुसती उभी राहिली. बासितने मशीनवरून मान वर केली. ती त्या अबायाकडे अशी पाहत होती, जसं एखाद्या ओळखीच्या माणसाचं नाव ऐन वेळी आठवू नये. मग उजव्या बाजूने खचत खाली गेली, कपड्यांसकट.

उजवा हात आणि उजवा पाय गेला. डॉक्टरांनी मेंदूचं चित्र दाखवून सांगितलं की डाव्या भागात रक्त पोचलं नाही, बोलणं तिथेच असतं. अठरा दिवस ती एक अक्षर बोलली नाही. बासितने दाभोळचं बोलून पाहिलं, हिंदी बोलून पाहिलं, अरबीत दुकानातल्यासारखं "यल्ला, यल्ला", चल चल, करून पाहिलं. ती ऐकायची, डोळ्यांत पाणी यायचं, ओठ हलायचे. शब्द यायचा नाही.

एकोणिसाव्या दिवशी डॉक्टर खाटेशी उभा होता. दारसिनीने डावा हात उचलून त्याच्या पांढऱ्या कोटाची बाही धरली आणि स्पष्ट म्हणाली, "जास."

बासितला वाटलं, पाणी मागते. त्याने ग्लास पुढे केला. तिने तोंड फिरवलं. पुन्हा बाही धरली. जास. बासित घाबरून नर्सला हाका मारायला लागला. अल्फिया मात्र मोबाईलवर काहीतरी शोधत होती. मग तिने वडलांचा हात धरला आणि म्हणाली, "अब्बा, शी इज नॉट राँग. इट मीन्स कोट."

तेवीस वर्षांत जे काही वर रचलं होतं ते सगळं वाहून गेलं होतं, आणि तळाशी जे राहिलं ते दारसिनीचं आपलं होतं. पुढच्या चार दिवसांत आणखी शब्द आले. आधी कपड्यांचेच आले, जन्मभर हात त्यांच्यावरून फिरला होता म्हणून असेल.

त्या रुग्णालयात बोलणं परत शिकवणारी एक मुलगी होती, पुण्याची, सावनी नावाची. मराठी माणूस भेटल्यावर बासितला अर्धा आजार बरा झाल्यासारखं वाटलं. पण तिने जे सांगितलं त्याने तो पुन्हा खचला. वॉर्डातली मुदत महिनाअखेर संपत होती. ज्या रुग्णांचं बोलणं परत येण्याची चिन्हं दिसतात, त्यांनाच पुढचे तीन महिने ठेवून रोज शिकवतात. त्यासाठी चित्रांची वीस कार्डं दाखवायची, निदान बारा नावं आली पाहिजेत. पहिल्या चाचणीत दारसिनीच्या कागदावर शून्य पडलं होतं. अरबी, इंग्रजी, हिंदी, तिन्हींत शून्य.

"पण तिला येतात," बासित म्हणाला. "मी बोलतो ना. मी लिवून देतो."

सावनीने त्याला खुर्ची दिली. "काका, घरच्या माणसाचा शब्द कागदावर चालत नाही. सगळेच आपापल्या माणसाला पास करतात. तिची भाषा येणारं बाहेरचं कोणीतरी आणा. माझ्या शेजारी बसून बरोबर-चूक सांगेल. मी कपड्यांचीच कार्डं काढते, बाई शिवणकाम करणाऱ्या आहेत."

दहा दिवस होते. अल्फियाने ऑफिसातल्या एकीकडून दुसरीकडे, दुसरीकडून तिसरीकडे विचारत मुर्नी नावाची एक बाई गाठली. सनद नावाच्या वस्तीत एका घरी मुलं सांभाळायची, इंद्रमायूच्या शेजारच्या जिल्ह्यातली. चाचणीच्या दिवशी तास, फार तर सव्वा तास सुटी मिळेल, असं तिने कळवलं.

तोपर्यंत बासित रोज दुपारी दुकानातून एक पिशवी भरून आणायचा. ओल्या केसांना नीट कंगवा फिरवावा तसा हळूहळू एकेक कपडा तिच्यापुढे धरायचा. ती बोलेल ते वहीत मराठी अक्षरांत उतरवून घ्यायचा. चलाना, म्हणजे पँट. बाजु, म्हणजे कुठलाही अंगातला कपडा. पायातल्या बुटांना ती सपातू म्हणाली तेव्हा तो चमकला. त्याची आजी जुन्या चपलांना सपाता म्हणायची. "ह्यो तर आमचा शब्द हाय," तो म्हणाला, आणि दारसिनी, आजारानंतर पहिल्यांदाच, अर्ध्या चेहऱ्याने हसली. पायमोजे दाखवले तर म्हणाली, "काउस काकी." बासितने विचारलं की आता ही काकी कोण? अल्फिया म्हणाली की काकी म्हणजे पाय.

अल्फिया खाटेच्या कडेला बसून मोबाईलवर वाचायची आणि बापाला सांगायची, अर्धं इंग्रजीत, अर्धं मोडक्या मराठीत. काउस हा मुळात डच लोकांचा शब्द, त्यांच्याकडे त्याचा अर्थ लांब मोजा. जावाला पोचता पोचता तो पायातून निघून अंगावर चढला आणि बनियन झाला, टी-शर्ट झाला. मग खऱ्या मोज्याला नाव उरलं नाही, म्हणून त्याला पायाचा काउस म्हणायला लागले. आपली चादर तिथे गेली आणि बायकांच्या तोंडावरचा पडदा झाली. अरबांचा जिल्बाब अंगभर असतो, तिथे तो नुसता डोक्याचा रुमाल. बाजु म्हणजे फारसीतला बाहू, आपल्या बाजूबंदातला. तिथे बाहीवरून सगळ्या कपड्यालाच ते नाव पडलं. आणि गंमत म्हणजे कमीस हा एकच शब्द दोन दारांनी आत आला. पोर्तुगीजांच्या गलबतातून आला तो कमेजा झाला, पुरुषांचा कॉलरचा शर्ट. अरबांबरोबर आला तो गामिस झाला, बायकांचा पायघोळ झगा.

बासित ऐकत राहिला. कात्री चालवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला हे कळायला वेळ लागला नाही. कापड परक्या गावाहून येतं, अंगाप्रमाणे बेतलं जातं. ज्याच्या अंगाला बसलं त्याचं झालं. मग ते मुळात कुठल्या ताग्यातलं होतं हे विचारून त्याला परत उसवायला लावणारा तो कोण होता?

"म्हंजे ती तवा चुकत नव्हती," तो म्हणाला.

दारसिनी झोपली होती.

त्या दहा दिवसांत त्याने अंगुस्तान खिशातसुद्धा ठेवलं नाही. चुकलं तरी टोकायचं नाही, असं सावनीने बजावलं होतं, आणि त्याला टोकायचं नव्हतंच. तिचा प्रत्येक शब्द वहीत लिहिताना तो मोठ्याने म्हणायचा, जसं लहान मूल बाराखडी म्हणतं. वहीत अठ्ठावीस शब्द झाले. बारा हवे होते.

चाचणीच्या दिवशी मुर्नी वेळेवर आली. मातकट रंगाचा रुमाल, हातात मालकांच्या मुलाची पाण्याची बाटली, चुकून बरोबर आलेली. तिने खाटेशी जाऊन दारसिनीच्या कानाशी काहीतरी म्हटलं. दारसिनीने तिचा हात दोन्ही हातांनी धरायचा प्रयत्न केला, एकच हात पोचला. बराच वेळ सोडेना. सावनीने घड्याळाकडे पाहिलं, पण घाई केली नाही.

बासितने खोलीत थांबायची परवानगी मागितली. तो दिसला नाही की दारसिनी कासावीस व्हायची, हे सावनीलाही माहीत होतं. ती म्हणाली, "बसा. पण मान हलवायची नाही, ओठ हलवायचे नाहीत."

"हाताची घडी घालून बसतो," तो म्हणाला, आणि भिंतीजवळच्या लाकडी हातांच्या खुर्चीत तसाच बसला. अल्फिया दाराशी उभी राहिली.

पहिलं कार्ड स्कर्टचं. "रोक," दारसिनी म्हणाली. मुर्नीने मान डोलावली, सावनीने खूण केली. दुसरं कोटाचं. जास. तिसरं, चौथं, पाचवं. चलाना, कमेजा, सपातू. एकेक शब्द असा सरळ बाहेर येत होता की जणू मधली तेवीस वर्षं झालीच नव्हती. तिचा आवाजही निराळा होता, कोवळा, जरा वरच्या पट्टीतला. बासितने हा आवाज कधी ऐकला होता ते आठवायचा प्रयत्न केला. मग आठवलं. पहिल्या वर्षी.

हाताची घडी कधी सुटली, हात खुर्चीच्या हातांवर कधी आले, त्याला कळलं नाही.

सहावं कार्ड टी-शर्टचं होतं.

"काउस," ती म्हणाली.

आणि बासितचं बोट हललं. मनात काही नव्हतं. पापणी जशी आपली आपण मिटते, तसं मधलं बोट उचललं गेलं आणि लाकडावर पडलं. टक्.

आवाज अगदी बारीक होता. सावनीने वरही पाहिलं नाही. मुर्नी मान डोलवत होती, बरोबर, बरोबर. पण दारसिनी थांबली. तिने नवऱ्याच्या बोटाकडे पाहिलं, मग मान थोडी खाली घातली आणि शोधायला लागली.

सावनीने सातवं कार्ड पुढे केलं. तिने ते पाहिलं नाही. ती अजून मागच्याच कार्डावर होती. "टी," ती म्हणाली. "टी. टी." कपाळावर आठ्या पडल्या. जुना शब्द तोंडात आलेला होता तो तिने गिळला होता, आणि नवा शब्द तर तिच्याकडे उरलाच नव्हता.

बासितला आधी समजलंच नाही काय झालं. त्याला वाटलं, दमली. मग तिने पुन्हा त्याच्या हाताकडे पाहिलं, दुकानात पाहायची तसं, बरोबर झालं का हे विचारत. तेव्हा तो उठून उभा राहिला.

"काउस बोल," तो म्हणाला. "काउसच हाय. तुजा बरोबर हाय, माजा चुकला."

दारसिनीने त्याच्याकडे पाहिलं. ज्या शब्दाला त्याने हजार वेळा नको म्हटलं तो शब्द आता तो मागत होता. तिने ओठ मिटून घेतले.

सावनीने त्याला हाताने खूण करून बाहेर जायला सांगितलं. तो व्हरांड्यात येऊन बंद दाराशी उभा राहिला. आतून सावनीचा आवाज येत होता, मुर्नीचा येत होता, समजावणीचा, लाडाचा. तिसरा आवाज येत नव्हता. अल्फियाही बाहेर आली. बासित म्हणाला की बरं चाललं होतं, मग एकदम काय झालं, ताप आहे की काय? मुलीने वडलांकडे पाहिलं. सांगावं की नाही हे तिला ठरवता येत नसावं. शेवटी तिने त्याच्या उजव्या हाताचं मधलं बोट आपल्या मुठीत धरलं.

"युवर फिंगर, अब्बा," ती म्हणाली.

नंतर बराच वेळ तो आपल्या हाताकडे बघत बाकावर बसून राहिला, आणि ती त्याच्या शेजारी.

मुर्नीचा सव्वा तास संपला. तिला दोनदा फोन येऊन गेला होता. जाताना तिने बासितसमोर हात जोडल्यासारखं केलं, मोडक्या अरबीत म्हणाली की त्यांना सगळं येतंय, देवाची शपथ. ती गेल्यावर सावनी कागद घेऊन आली. वीसपैकी सहा. काउस तिने मोजणीत धरला होता.

तिने वरिष्ठांकडे जाऊन रदबदली केली. एकदा नाही, तीनदा. रुग्ण घाबरला होता, नवऱ्याला आत बसू देण्यात माझी चूक झाली, असं लिहूनही दिलं. वरिष्ठ भले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पण खाटा मोजक्या होत्या आणि बाहेर रांग होती. फेरचाचणी सहा महिन्यांनी, तोवर घरी. सावनीने व्यायाम लिहून दिले, आपला नंबर दिला. "काका, तुम्ही मुद्दाम नाही केलंत," ती म्हणाली. बासितने मान हलवली. मुद्दाम केलं असतं तर माफी मागायला जागा तरी होती, असं त्याला वाटलं असेल. पण तो म्हणाला एवढंच की तुमचे फार उपकार झाले बाय.

दारसिनी घरी आली. दुकानाच्या वरच्याच मजल्यावर दोन खोल्या होत्या. बासितने पलंग खिडकीशी लावला. सकाळी तो तिच्यासमोर कपडे धरायचा, पण आता ती आधी त्याच्या हातांकडे पाहायची. हात दिसले की गप्प व्हायची. मग तो हात मांड्यांखाली घेऊन बसायला लागला. कधी खिशात घालायचा, कधी पाठीशी धरायचा. अशाने कपडा धरणार कोण, म्हणून कपडे खुर्चीवर टाकून ठेवायचा आणि नुसता बसायचा. कधीमधी एखादा शब्द यायचा. तो आला की बासित तो हळूच पुन्हा म्हणायचा, आणि तिला ते ऐकून बरं वाटतंय की भीती वाटतेय हे त्याला कधीच कळायचं नाही.

खाली दुकानात तो तिच्या शब्दांनी बोलायला लागला. मुद्दाम असं नाही, वहीतले शब्द घोकून घोकून तोंडात बसले होते. एकदा गल्लीतला नावेद टी-शर्टची बाही अल्टर करायला घेऊन आला. हा श्रीवर्धनचा, कापडाच्या दुकानात क्लार्क. बासितने चिठ्ठीवर लिहिलं, काउस, एक. नावेदने चिठ्ठी उलटीसुलटी करून पाहिली. "मास्टर, ह्यो कय? बायकोचा आजार तुमाला पण लागला की कय?" मग आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच कळलं आणि तो बाही मोजायला लागला, जी आधीच मोजून झाली होती.

एक मात्र झालं. मुर्नी शुक्रवारी यायला लागली. पंधरा दिवसांतून एकदा, अर्धा तास. ती आली की आतून आवाज यायचे. दारसिनीचे तुटक, पण एकामागून एक. कपडे संपून केव्हाच पुढे गेली होती ती. मुर्नीने सांगितलं की कधी भाताच्या खाचराबद्दल बोलतात, कधी आईबद्दल, एक बदक होतं त्याच्याबद्दल फार बोलतात. ऐकून बासित हरखला. पुढच्या खेपेला चहा घेऊन तो आत गेला. दारसिनी मध्येच थांबली. त्याच्याकडे पाहून हसली, डाव्या हाताने डोक्यावरचा रुमाल सारखा केला, चहा घेतला. तो असेपर्यंत पुन्हा बोलली नाही.

मग शुक्रवारी चहा मुर्नीच्या हाती द्यायचा आणि तो जिन्याच्या पायरीवर जाऊन बसायचा. दार उघडं ठेवायचा. शब्द समजत नसत, पण आवाज तो ओळखीचा होता, पहिल्या वर्षीचा. त्याला वाटायचं, तेवीस वर्षं ही बाई त्याच्याशी बोलली, भांडली, थट्टा केली, ती सगळी त्याच्या मापाने. आता तिच्या मापाचं बोलणं दारापलीकडे चाललं आहे आणि तो आत गेला की ते संपतं. ह्यावर इलाज काय करायचा? फिजिओसाठी येणाऱ्या माणसाला विचारून झालं, सावनीला फोन करून झालं. सावनी म्हणाली, वेळ द्या काका. तो वेळ देत राहिला. त्याच्याकडे दुसरं द्यायला काही नव्हतंही.

मुर्नीकडून तो घरातल्या वस्तूंची नावं शिकून घ्यायला लागला. दिवा, दार, खिडकी, पाणी, उशी. वहीची चार पानं भरली. त्या वहीतला एकही शब्द त्याने दारसिनीसमोर म्हटला नाही. म्हटला आणि तिला ती नवी परीक्षा वाटली तर?

जूनमध्ये शमाल सुरू झाला, तो उत्तरेचा कोरडा वारा. त्या दिवशी दुपारच्या नमाजानंतर बासित वर आला तेव्हा दारसिनी उशीवर मान टाकून पडली होती आणि श्वास घशात अडकत होता. ॲम्ब्युलन्स आली. अल्फिया जुफैरहून टॅक्सीने पोचायच्या आत सगळं खलास झालं होतं. मेंदूच्या दुसऱ्या बाजूला तोच प्रकार, डॉक्टर म्हणाले. फेरचाचणीला अजून तीन महिने होते.

लोक येऊन गेले. महमुदाने गावाहून फोन करून विचारलं की भावजय शेवटी कय बोलली? कलमा बोलली का? बासित म्हणाला, मी जवळ नव्हतो. ते खरं होतं. तिची शुद्ध गेली तेव्हा तो खाली काजं करत होता.

पण त्या सकाळचं त्याने कोणाला सांगितलं नाही, अल्फियालाही पुढे कितीतरी दिवसांनी सांगितलं. सकाळी आठ वाजता तो नाश्त्याचा ट्रे घेऊन वर आला होता. दोन्ही हात ट्रेमध्ये गुंतलेले. गल्लीतून वाऱ्याचा झोत आला आणि पडदा पलंगावर उडाला. दारसिनीने डोळे चोळले. त्याच्याकडे पाहिलं, हातांकडे नाही, तोंडाकडे. लग्नाच्या पहिल्या वर्षी ती त्याला तिच्या गावच्या रीतीने कांग म्हणायची, म्हणजे वडीलधाऱ्याला दादा म्हणावं तसं. खिडकी लाव, धूळ येतेय, एवढंच तिला सांगायचं होतं. आणि ती न अडखळता, घरातल्या कुठल्याही बाईने सकाळी नवऱ्याला सांगावं तसं, म्हणाली,

"जन्देला, कांग. दबु."